नख ठेवावं की कापावं? युकुलेलेवादकांच्या नखांचा आढावा

युकुलेले शिकायला घेतलं की पहिले काही आठवडे डोक्यात कॉर्डच घोळत असतात. नखांचा प्रश्न नंतर येतो आणि दोन्ही हातांकडून येतो. डाव्या हाताचं नख आडवं आल्यामुळे तार पुरती दाबली जात नाही, कॉर्ड खरखरते. उजव्या हाताचं नख तारेत अडकतं, नाहीतर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोपऱ्यातून चिरतं. मग विचारपूस सुरू होते. कुणी नखं वाढवायला सांगतं, कुणी मुळाशी कापायला. कुणी पार्लरमध्ये जाऊन अ‍ॅक्रिलिक बसवून घ्यायचा सल्ला देतं, कुणी बायोटिनच्या गोळ्यांचं नाव सुचवतं. यातले निम्मे सल्ले क्लासिकल गिटारवाल्यांकडून उसने आलेले असतात आणि उरलेले सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारातून. युकुलेलेची तार आखूड, ताण कमी आणि वाजवण्याची मुख्य रीतही निराळी. त्यामुळे उसने नियम जसेच्या तसे चालत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नखाच्या लांबीवर जितकी चर्चा होते तितकी तिची योग्यता नाही. नखाची कड किती गुळगुळीत आहे आणि ती आज जशी आहे तशीच पुढच्या आठवड्यात राहणार आहे का, यावर आवाज ठरतो. डाव्या हाताबद्दल तर वाद संभवतच नाही.

उजव्या हाताच्या नखांचा वाद मात्र जुना आहे, युकुलेलेच्या जन्माआधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो हे दोन स्पॅनिश गिटारवादक पॅरिसमध्ये एकमेकांचे जिवलग मित्र होते. सोर नखाविना वाजवायचा, आग्वादो नखानं. सोरनं 1830 मध्ये गिटारवादनावर जो ग्रंथ काढला त्यात नखाच्या आवाजाबद्दलची नापसंती स्पष्ट नोंदवली आहे. तरीही दोघं जोडीनं वाजवत आणि सोरनं या मैत्रीसाठी दोन गिटारींची एक रचनाही केली. पुढे फ्रान्सिस्को तार्रेगानं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नखं कापून टाकली. त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल यानं बोटाच्या मांसल टोकानं काढलेल्या आवाजाची बाजू लेखणीनंही लढवली. आंद्रेस सेगोव्हियानं मधला रस्ता रुळवला. तार आधी मांसाला टेकते आणि सुटताना नखावरून घसरून जाते. आजचे बहुतेक मैफिली गिटारवादक याच वाटेनं जातात. नखाच्या बाजूनं इतके मोठे वादक आणि विरुद्ध बाजूलाही तितकेच मोठे, एवढं ध्यानात ठेवलं तरी नवशिक्याच्या मनावरचं दडपण कमी व्हावं.

युकुलेलेनं असा कडवेपणा कधी पाळलाच नाही. 1879 च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज पोर्तुगालच्या माडेइरा बेटावरचे मजूर घेऊन होनोलुलूला पोहोचलं. ही माणसं उसाच्या मळ्यांत राबायला आली होती. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे सुतारकाम जाणणारे तिघं होते. त्यांच्या गावाकडच्या 'माशेत' या चिमुकल्या तंतुवाद्यातून हवाईत युकुलेले घडलं. राजा कालाकाउआनं त्याला दरबारी मान दिला. गाण्याला आणि हुला नृत्याला साथ हे त्याचं मूळ काम, आणि ते काम बोटांच्या झटक्यानं, म्हणजे स्ट्रमिंगनं व्हायचं. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेलेची लाट आली. इंग्लंडात जॉर्ज फॉर्म्बीनं बॅन्जोलेलेवर उजव्या हाताच्या वेगवान लयकारीनं सभागृहं गाजवली.

सुटे स्वर छेडत धून वाजवण्याची आवड नंतर वाढली. अमेरिकेतल्या जॉन किंग यांनी बाखच्या रचना युकुलेलेवर बसवल्या. लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर घ्यायचे म्हणजे ते एकमेकांत मिसळून घंटांसारखे घुमतात, अशी ती 'कंपानेला' रीत. 2006 च्या सुमारास जेक शिमाबुकुरो यांची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि या वाद्यावर काय काय होऊ शकतं हे लाखो लोकांना कळलं. गिटारचे नखनियम युकुलेलेत शिरले ते याच वाटेनं, असं मला वाटतं. म्हणून पहिला प्रश्न हा की तुम्ही साथ करता की धून वाजवता. त्याचं उत्तर मिळाल्याखेरीज नखाबद्दलचा कुठलाही सल्ला अर्धाच राहतो.

नखामुळे आवाजात नेमकं काय बदलतं? तार ज्या वस्तूनं छेडली जाते ती जितकी अरुंद आणि कठीण, तितके वरचे ओव्हरटोन जास्त उठतात आणि आवाज उजळ, धारदार होतो. बोटाचं मांस रुंद आणि मऊ असतं. ते बारीक कंपनं जागीच शोषून घेतं, म्हणून आवाज गोल आणि किंचित दबका येतो. हे सगळ्याच तंतुवाद्यांना लागू आहे. पण युकुलेलेचा स्वर फार लवकर विरतो. गिटारवर छेडल्यानंतर स्वर टिकून राहतो आणि कानाला त्यात रमायला वेळ मिळतो. युकुलेलेवर ऐकणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः तो पहिला आघातच येतो. नखाच्या कडेवर बारीकशी खाच असेल तर तिची 'खर्र' त्या आघातातच मिसळते आणि ती झाकायला मागून काही येत नाही.

तारा कुठल्या, यानंही फरक पडतो. सुरुवातीला तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. आता इटलीच्या अकिला कंपनीची नायलगट आणि मासेमारीच्या दोऱ्याच्या जातीची फ्लोरोकार्बन तार सर्रास मिळते. फ्लोरोकार्बन जड असल्यानं त्याच स्वराला तार बारीक लागते आणि तिचा आवाज मुळातच चमकदार असतो. तिच्यावर लांब, कठीण नख चालवलं तर आवाज टोचतो. जाडसर नायलॉनवर तेच नख शोभून दिसतं. खालच्या सप्तकातल्या 'जी' स्वरासाठी धातूची गुंडाळी असलेली 'लो जी' तार लावणाऱ्यांनी आणि बॅरिटोन युकुलेले वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही गुंडाळी नखाची कड झिजवते, तिच्यावर बारीक दाते पाडते. गुंडाळी नसलेल्या तारांवर नखाची कड बराच काळ टिकते, गुंडाळीच्या तारेमुळे तिला दर दोन-चार दिवसांनी पॉलिश करावं लागतं.

आपल्याकडच्या वाद्यांत नख आणि मांस यांची वाटणी शतकांपासून ठरलेली आहे. तंबोरा छेडताना बोटाचं मांसच तारेला लागलं पाहिजे, नख लागलं की जवारीचा नाद बिघडतो, हे शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच तालमीत सांगतात. सतारीसाठी तारेची नखी बोटात घालतात. सरोदवर अमजद अली खाँसाहेबांच्या परंपरेत डाव्या हाताच्या नखाच्या टोकानं तार दाबून मींड काढतात. सारंगीवाला तर नखाच्या मुळाशी तार टेकवतो आणि तिथं घट्टे पडतात. म्हणजे प्रत्येक वाद्यानं आपल्याला हवा तो आवाज आधी ठरवला आणि नखाचा नियम त्यामागून आला. युकुलेलेवाल्यानंही हाच क्रम धरावा.

आता डावा हात. (डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.) सोप्रानो युकुलेलेची तारेची लांबी 35 सेंटिमीटरच्या आसपास असते. डी कॉर्डला दुसऱ्या पडद्यावर तीन बोटं एका ओळीत बसवावी लागतात, आणि ती बसायची तर बोटं जवळजवळ उभी ठेवावी लागतात. उभ्या बोटाचं नख मांसाच्या पुढे आलं असेल तर ते आधी फ्रेटबोर्डला टेकतं आणि तार अर्धवट दाबली जाते. नवशिक्यांच्या खरखरत्या कॉर्डमागे वाद्याचा दोष क्वचित असतो, नख बहुतेकदा असतं. तपासणी सोपी आहे. बोट टेबलावर उभं टेकवा. 'टक' असा आवाज आला तर नख लांब आहे. कापताना जिव्हाळीपर्यंत जाऊ नका, कारण दुखऱ्या बोटानं सराव होत नाही. मांसाच्या रेषेपर्यंत कापून कानशीनं कड मऊ केली की पुरे. लांब नखानं फ्रेटबोर्डच्या लाकडावर खाचाही पडतात, त्या निघत नाहीत. दोन्ही हातांची नखं लांब ठेवून युकुलेले शिकता येईल का, असं मुली पुष्कळदा विचारतात. नाही, येणार नाही. हे त्यांना वाद्य विकत घेण्याआधीच सांगायला हवं.

उजव्या हाताचं प्रकरण मोठं आहे. स्ट्रमिंगमध्ये तर्जनी खाली येते तेव्हा नखाची पाठ आणि कड तारांवरून जाते, आणि वर जाते तेव्हा बोटाचं मांस किंवा नखाची आतली बाजू लागते. गिटारवादकाच्या नखाचा तारेशी संबंध एकाच दिशेनं आणि बहुतेक एकाच कोपऱ्यातून येतो, म्हणून तो नखाला तिरका उतार देतो. युकुलेलेवाल्यानं हा उतार आंधळेपणानं उचलू नये. त्याच्या नखाला दोन्ही दिशांनी काम असतं. दोन्ही कोपरे गोल हवेत आणि कडेची आतली बाजूही बाहेरच्याइतकीच गुळगुळीत हवी. वर जाणारा झटका अडखळतो तो याच आतल्या बाजूमुळे, आणि तिकडे कुणी बघत नाही. लांबी किती? तळहात स्वतःकडे करून बोट डोळ्यांच्या पातळीवर धरा. मांसाच्या वर नखाची बारीक चंद्रकोर, साधारण एक मिलिमीटर, दिसली की स्ट्रमिंगला तेवढी पुरते. धून वाजवणाऱ्यांनी अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची नखं थोडी जास्त, पण एकमेकांशी प्रमाणात ठेवावीत. एक लांब आणि एक आखूड असेल तर कंपानेलासारख्या वादनात स्वरागणिक आवाजाचा पोत बदलतो. अंगठ्यानं स्ट्रमिंग करणाऱ्यांना नखाची गरजच नाही. तो आवाज मांसाचाच असतो आणि गाण्याच्या साथीला फार गोड लागतो.

सगळ्यांची नखं सारखी वाढत नाहीत. काहींची सपाट, काहींची कमानदार. काहींची पोपटाच्या चोचीसारखी खाली वळतात, तर काहींची टोकाशी वर उचलली जातात. खाली वळणारं नख लांब ठेवलं की तारेला आकड्यासारखं धरतं, म्हणून ते आखूडच बरं. वर उचललेलं नख वरच्या झटक्याला अडकतं. त्याचा पुढचा भाग पुरता घासून काढावा लागतो. स्कॉट टेनंट या अमेरिकन गिटारवादकाच्या 'पम्पिंग नायलॉन' या 1995 च्या पुस्तकात नखांच्या अशा प्रकारांचा विचार आहे. ते पुस्तक गिटारचं आहे, तरी हा भाग युकुलेलेवाल्यांनीही वाचावा.

घासण्याच्या साधनांवर खर्च करायची गरज नाही. नेलकटर नखाला दोन बाजूंनी चेपतो. कमानदार नख त्यात सपाट होऊन थरांमध्ये उकलतं, म्हणून उजव्या हाताला तो शक्यतो लावू नये. काचेची कानस चांगली. ती एकाच दिशेनं, कोपऱ्याकडून मध्याकडे चालवावी. आकार देऊन झाला की खरं काम सुरू होतं. हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. त्यातला आधी 1000 नंबरचा आणि मग 2000 नंबरचा कागद कडेवरून, खालून आणि वरून फिरवा. कागदाची पट्टी तारेवर ठेवून नेहमीसारखं बोट चालवलं तर नख आपल्याच वादनाच्या कोनात घासलं जातं, ही गिटारवाल्यांची युक्ती घेण्याजोगी आहे. शेवटी कड ओठांवरून फिरवून पाहा. बोटाला न जाणवणारी खाच ओठाला जाणवते. नख कोरडं असताना घासा. आंघोळीनंतर ते मऊ असतं आणि कानशीखाली तंतू निघतात. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत असं आपल्या घरांतून सांगत आले आहेत. बारीक कड पाहायला भरपूर उजेड लागतो, त्यामुळे निदान युकुलेलेवाल्याच्या बाबतीत तो सल्ला उत्तम आहे.

नखाच्या आरोग्याबद्दल गैरसमज पुष्कळ. नख केराटिन या प्रथिनाचं असतं आणि महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला चार ते सहा महिने जातात. मधल्या बोटाचं लवकर वाढतं, अंगठ्याचं सावकाश. नखाचा कठीणपणा केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे असतो, कॅल्शियममुळे नव्हे. नखावरचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा जुन्या बारीक माराचे असतात, त्यावरून कॅल्शियमची गोळी सुरू करू नये. नखाचा मोठा वैरी पाणी आहे. नख पाणी शोषून फुगतं आणि सुकताना आकसतं. दिवसातून अनेकदा असं झालं की थर सुटू लागतात. भांडी घासणं, कपडे धुणं, साबण, सॅनिटायझर ही खरी कारणं. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत आणि हात पुसल्यावर लगेच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नखाच्या मुळाशी चोळावं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात नखं लिबलिबीत होतात. तेव्हा ती अर्धा मिलिमीटर आखूड ठेवली तर फाटत नाहीत.

बायोटिनबद्दल थोडं सावध राहायला हवं. ठिसूळ नखांना त्यानं फायदा होतो असं सांगणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. ज्यांच्या शरीरात बायोटिन कमी नाही त्यांना गोळ्यांनी किती फरक पडतो हे पक्कं ठरलेलं नाही. उलट बाजू मात्र नोंदलेली आहे. जास्त बायोटिन घेतलं असेल तर रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. त्यात हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिनची तपासणीही येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2017 मध्ये तसा इशारा दिला. गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

तुटलेल्या नखाचं काय? मोडलेला कोपरा तात्पुरता सांधायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपल्या बोलीतलं फेविक्विक, बहुतेक वादक वापरतात. टिश्यू पेपरचा किंवा रेशमाचा बारीक तुकडा नखावर ठेवून वर एक थेंब टाकायचा, सुकल्यावर घासायचं. इथं सुती कापड किंवा कापूस वापरू नका. सायनोअ‍ॅक्रिलेट कापसावर पडलं की झपाट्यानं तापतं आणि त्वचा भाजते. गिटारवाल्यांचा जुना उपाय म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखाला चिकटवणं. जुने चेंडू सेल्युलॉइडचे असत. 2014 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नव्या प्लॅस्टिकचे चेंडू आले, आणि त्यांचा तुकडा कसा वाजतो ते ब्रँडवर अवलंबून आहे.

पार्लरमधल्या अ‍ॅक्रिलिक आणि जेल नखांबद्दल मात्र माझा विरोध स्पष्ट आहे, निदान हौशी वादकांसाठी. ती बसवताना मूळ नख घासून पातळ करतात आणि काढताना ओरबाडली तर त्याचे थर निघून येतात. नखाखाली ओल अडकली तर बुरशी वाढते. त्याहून गंभीर भीती अ‍ॅलर्जीची. न सुकलेलं अ‍ॅक्रिलेट त्वचेला वारंवार लागलं तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. मग दातात भरायच्या सिमेंटपासून सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटपर्यंत अडचणी येऊ शकतात. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. घरी वापरायचे जेलचे संच जास्त धोक्याचे, कारण दिव्याखाली जेल पुरतं पक्कं झालं की नाही हे घरी कळत नाही. जेल घट्ट करणारं टीपीओ हे रसायन युरोपीय संघानं सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं आहे. ज्यांचं पोट वादनावर आहे आणि ज्यांची नखं जन्मतःच ठिसूळ आहेत त्यांनी एखाद्या बोटापुरतं, अनुभवी हाताकडून करून घ्यावं. युकुलेलेच्या तारांचा ताण इतका कमी असतो की निरोगी, आखूड नैसर्गिक नख तो सहज सोसतं.

काहींना नख ठेवताच येत नाही. रुग्णांना प्रत्यक्ष हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नैसर्गिक नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवावीत आणि कृत्रिम नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परिचारिका, डॉक्टर, स्वयंपाकी, तान्ह्या बाळाची आई यांनी स्वतःला अर्धवट वादक समजायचं कारण नाही. मांसल बोटानं वाजवणं ही पूर्ण, जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. बोटांऐवजी काही वापरायचंच असेल तर फेल्टची जाड पिक आहे. ती खास युकुलेलेसाठीच चालत आली आहे आणि प्लॅस्टिक पिकसारखी ताराही झिजवत नाही. बोटाच्या टोकावर बसणारी 'अलास्का पिक'सारखी साधनंही मिळतात. त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. दातांनी नखं कुरतडणाऱ्यांनी मात्र आधी ती सवय सोडवावी. कुरतडलेल्या कडेवर कुठलाही पॉलिश पेपर चालत नाही आणि नखुर्डं होण्याची भीती कायम राहते.

डॉक्टरांकडे कधी जावं हेही माहीत हवं. नख खालच्या त्वचेपासून सुटू लागलं, चमच्यासारखं खोलगट झालं, त्यावर सुईच्या टोकासारखे खड्डे पडले, सगळी नखं एकाएकी ठिसूळ झाली, तर कारण लोहाची कमतरता, थायरॉइड, सोरायसिस किंवा बुरशी यांपैकी काही असू शकतं. तेल चोळून ते जाणार नाही. नखावरची उभी काळी रेघ सावळ्या माणसांत पुष्कळदा निरुपद्रवी असते. पण ती एकाच बोटावर नव्यानं आली, रुंद होऊ लागली किंवा नखाच्या मुळाशी त्वचेवर पसरली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. वादकाची नखं रोज त्याच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे असा बदल त्याला इतरांआधी दिसू शकतो.

नखं मुद्दाम वाढवायचं ठरवण्याआधी एक प्रयोग करून पाहा. तुमच्या आवडीचं एकच गाणं फोनवर तीनदा ध्वनिमुद्रित करा. एकदा फक्त अंगठ्याच्या मांसानं, एकदा तर्जनीच्या नखानं, एकदा फेल्टच्या पिकनं. दुसऱ्या दिवशी ऐका, जमलं तर डोळे मिटून दुसऱ्या कुणाला ऐकायला लावा. जो आवाज आवडेल त्याप्रमाणे उजव्या हाताचा निर्णय घ्या, आणि डाव्या हाताची नखं आजच कापा.